ह्यांचा फोटो मी उचलून आणला

माझ्या हातातली पेटती मेणबत्ती नीलिमावहिनींनी काढून घेतली. हसत हसत काढून घेतली. त्यांचा दुसरा हात माझ्या पाठीवर होता.

"तुम्ही नका हं," त्या म्हणाल्या. "समई सवाष्णीच्या हातानं लावायची असते. तुमचा सत्कार आहे ना नंतर. तेव्हा बोलावतो. बसा तुम्ही खाली."

माईक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

समोर टेबलावर माझ्या नवऱ्याचा फोटो. वर्दीतला. त्याला झेंडूचा हार. फोटोपुढं समई. मागं बॅनर, 'शहिदांना मानवंदना'. त्या बॅनरवरही ह्यांचाच चेहरा, एवढा मोठा, की नाकावरची ठिपक्याएवढी खूणसुद्धा दिसत होती. त्या अख्ख्या हॉलमध्ये घरात तिरंग्यातली पेटी आलेली मी एकटी. आणि वातीला हात लावायला मीच चालत नव्हते.

मी खाली आले. पायऱ्या लाकडी होत्या, वाजल्या. मागं वहिनींनी पहिली वात लावली, मग आणखी दोघींनी. कुणीतरी श्लोक म्हटला. टाळ्या झाल्या.

चंडीगडमध्ये मराठी लोकांचा एक गट आहे. मोठं काही नाही, व्हॉट्सॲपवर जमतात, सणाला भेटतात. फौजेतले अधिकारी आणि त्यांची कुटुंबं, मोहालीच्या कंपन्यांमधली तरुण पोरं, सेक्टर ३९च्या संस्थेतले दोन-चार शास्त्रज्ञ. जवानांची कुटुंबं त्यात नावापुरती. नीलिमावहिनी म्हणजे कर्नलसाहेबांच्या मिसेस. गटाचं सगळं त्या बघतात. छावणीत असताना आम्हा जवानांच्या बायकांना सवयच होती, साहेबांच्या मिसेस आल्या की उठून उभं राहायचं. त्या बसल्या की बसायचं. त्या हसल्या की हसायचं. ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, क्वार्टर सुटलं, पण वहिनी समोर आल्या की माझे गुडघे अजून आपोआप सरळ होतात.

कार्यक्रमाच्या आधी त्यांचा फोन आला होता.

"तुमच्याकडे त्यांचा फ्रेमचा फोटो असेल ना? तो आणा. आणि पांढरी साडी नेसून या. फोटोत बरं दिसतं."

माझ्याकडं पांढरी साडी नाही. आमच्या सातारा भागात विधवा पांढरी नेसत नाहीत, सिनेमात नेसतात. मी माझी चॉकलेटी साडी नेसले. फोटो चादरीत गुंडाळला आणि सानिकाला घेऊन सेक्टर ४३च्या स्टँडवरून बस धरली. सानिका माझी मुलगी, अकरावीत आहे. बसमध्ये गर्दी होती. चादर सरकून वर्दीची बाही दिसली, तर कंडक्टर थांबला. "फौजी सी?" मी मान हलवली. त्यानं एका माणसाला उठवून मला खिडकीजवळ बसवलं. पुढं गेला तिकिटं फाडत.

हॉलच्या दारात एक मुलगी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. प्रत्येक बाईला लावत होती. माझ्यापाशी आली आणि तिचं बोट कुंकवात बुडालेलं तसंच राहिलं. तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं. मी बारीक काळी टिकली लावते, कामावर जाताना लावते तशीच. तिला कळेना. "लावू?" तिनं विचारलं, पण मला नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारलं. मागं वहिनी होत्या. त्यांनी डोळ्यांनी नको म्हटलं. मग त्या मुलीनं माझ्या मनगटाला अत्तर लावलं आणि पुढच्या बाईकडं वळली.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण फोटो त्यांच्या हातात गेला होता. एकानं तो स्टेजवर नेऊन ठेवलाही होता. हार चढला होता.

सूत्रसंचालन करणारा मुलगा मोहालीतल्या कुठल्याशा कंपनीतला. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं, बिचाऱ्यानं सरळ मनानं पुकारलं, "दीपप्रज्वलनासाठी मी आपल्या वीरपत्नी ताईंना स्टेजवर बोलावतो." वीरपत्नी ताई. माझं नाव त्याच्या कागदावर नव्हतं. मी वर गेले, कुणीतरी मेणबत्ती हातात दिली, आणि पुढचं मी सांगितलंच.

ह्यांना काश्मीरात गोळी लागली. गस्तीवर होते. त्यांची पलटण इथल्या छावणीतून वर गेली तेव्हा आम्ही दोघी इथंच क्वार्टरमध्ये राहिलो होतो, सानिकाची शाळा होती म्हणून. बातमी आली ती इथं. पेटी गेली ती गावाला. आम्हाला विमानानं पुण्याला नेलं, तिथून गाडीनं. गावच्या वेशीपासून घरापर्यंत माणसंच माणसं. पोरं झाडावर चढलेली. 'अमर रहे'चा आवाज. पुढाऱ्यांच्या गाड्या. मला ह्यांचा चेहरा बघायचा होता. काचेतून थोडा दिसला, तेवढाच.

मग दोघीतिघींनी मला धरून घरामागं परड्यात नेलं. एक म्हणाली, "साहेब लोक पोचायच्या आत उरकून घ्या." मंगळसूत्र काढलं. जोडवी काढली, एक निघेना म्हणून साबण लावला. मग हात दगडावर धरून बांगड्या. पुढं मैदानात सलामीचे बार निघाले, तेव्हा माझ्या दुसऱ्या हातावरच्या फुटत होत्या. लोकांनी जे टीव्हीवर बघितलं ते मी बघितलेलं नाही. मी परड्यात होते. घडी केलेला तिरंगा माझ्या हातात दिला तेव्हा मनगटातून रक्त येत होतं आणि मला एकच भीती, झेंड्याला डाग लागेल.

त्यानंतर मी गावात राहिले नाही. तिथं मला कोपऱ्यात बसवलं असतं आणि मी बसलेही असते. इथं चंडीगडच्या अटाव्यात खोली घेतली. मोहालीत नॉलेज सिटीच्या बाजूला एका संस्थेच्या गेस्ट हाऊसमध्ये काम करते. पाहुण्यांच्या खोल्या, चादरी, चाव्या, नाश्ता. तिथं मला नावानं हाक मारतात.

तर त्या दिवशी मी हॉलमध्ये येऊन बसले. सानिका माझ्या शेजारी. तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. ती माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मम्मी, आप नीचे क्यों आ गईं?"

"रीत असते बाळा."

"किसकी?"

एवढंच. किसकी. ती समोर बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

स्टेजवर एका रिटायर्ड साहेबांचं भाषण सुरू झालं होतं. विषय, शहिदांच्या स्मरणाची परंपरा. पडद्यावर चित्रं दाखवत होते. परदेशात अनोळखी सैनिकाची कबर कशी असते, तिथं ज्योत कशी तेवत ठेवतात, लाल फुलं छातीला का लावतात, दोन मिनिटं गप्प का उभं राहतात. इथल्या सेक्टर तीनमधलं स्मारक दाखवलं. बोगनवेलियाच्या बागेतलं. मी तिथं जाऊन आले आहे. भिंतींवर नावंच नावं. पंजाब, हरियाणा, हिमाचलच्या माणसांची. ह्यांचं त्यात नाही, कारण हे इथले नव्हेत. त्याचं मला काही वाटलं नाही. ज्यांचे त्यांनी कोरले.

मग साहेब म्हणाले, "पण आपण महाराष्ट्रात हे फार पूर्वीपासून करत आलोय." आणि पडद्यावर वीरगळ आली.

मी ओळखली. म्हणजे आमच्या गावची नव्हती ती, पण तशीच. आमच्या महादेवाच्या देवळामागं तीन-चार उभ्या आहेत. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी मला तिथं नेलं होतं. गुडघे टेकून बसले आणि दगडावर बोट फिरवत सांगितलं, "ही खाली लढाई. हितं तो पडला. ह्या मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला घिऊन चालल्यात. आन् वर बघ, महादेवाम्होरं बसलाय. पोचला." त्यांना त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तरी अवसेला गावातलं कुणी ना कुणी तेल घालायचं. मला ते फार आवडलं होतं. नाव विसरलं, तेल विसरलं नाही. मीही कितीदा घातलं आहे.

साहेबांनी पुढचं चित्र लावलं. वीरगळीच्या शेजारचा दुसरा दगड. त्याच्यावर एक हात. कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला, बांगड्यांनी भरलेला.

"ही सतीशिळा," साहेब म्हणाले. "वीराबरोबर वीरपत्नीचाही सन्मान करणारी आपली संस्कृती आहे."

टाळ्या झाल्या.

मी त्या हाताकडं बघत राहिले. आमच्या देवळामागंही आहे तो. सासऱ्यांनी त्याच्याविषयी फार काही सांगितलं नव्हतं. 'सतीची शिळा, पाया पड,' एवढंच. मी पडले होते. नवी नवरी, माझे हात हिरव्या चुड्यानं भरलेले. तेव्हा तो दगड मला दागिन्यासारखा वाटला होता.

आता बघितलं. वीरगळीवर माणसाला चेहरा आहे, हातात तलवार आहे, अप्सरा आहेत, देव आहे. त्याची बायको कुठंच नाही. ती शेजारच्या दगडावर, आणि तिथंही ती नाही, तिचा हात आहे. तोंड नाही. आणि बांगड्या का आहेत? कारण त्या फुटायच्या आधी ती जळाली. जळाली म्हणून सवाष्ण राहिली. म्हणून तिला कुंकू लावतात, तेल घालतात, पाया पडतात.

मेली तर सवाष्ण. जगली तर मी.

ह्या लोकांच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नव्हतं. त्यांना मी हवीच होते. पांढरी साडी नेसून, पहिल्या रांगेत, डोळ्यांत पाणी आणून. फक्त जिवंत बाईसारखं काही करायला नको होतं मी. समई लावायला नको. दगडावरच्या हातासारखं गप्प राहायला हवं.

भाषण संपलं. त्या मुलानं पुकारलं, "आता वीरपत्नीचा सत्कार. शाल आणि श्रीफळ देऊन. नीलिमावहिनींच्या हस्ते. ताई, प्लीज या."

मी उठले नाही.

"ताई?"

सगळे वळून बघायला लागले. वहिनी शाल उघडून उभ्या होत्या. हसत होत्या. "या ना, लाजू नका," त्या माईकवर म्हणाल्या.

मी बसल्या जागेवरून बोलले. माझा आवाज मोठा नाही, पण त्या वेळी हॉल शांत होता.

"ज्या हातानं दिवा चालत नाही, त्या हातात नारळ कसा चालतो?"

वहिनींना आधी कळलंच नाही. मग कळलं. "अहो, तसं नाही," त्या म्हणाल्या. "दिव्याचं वेगळं असतं. शास्त्र असतं ते. तुम्हाला दुखवायचा हेतू…"

"कार्यक्रम कुणाचा आहे वहिनी?"

"शहिदांचा."

"त्यांची मी कोण?"

त्या खाली बघून शालीची घडी नीट करायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "ताई, प्लीज, इथं नको. नंतर बोलू." नंतर. नंतर म्हणजे जेव्हा कुणी ऐकत नसेल तेव्हा.

मी उठले. स्टेजवर गेले. सत्काराला येतेय असं वाटून तो मुलगा बाजूला झाला. मी टेबलापाशी गेले. ह्यांच्या फोटोचा हार काढला, टेबलावर ठेवला. हार त्यांचा होता. फोटो माझा. फोटो उचलला. फ्रेम जड आहे, सागाची. उचलताना समईला धक्का लागेल म्हणून जपूनच उचलला, उगाच कुणी म्हणायला नको की दिवा विझवला.

"अहो, हे काय करताय?" वहिनी म्हणाल्या. आता हसणं गेलं होतं. "कार्यक्रम चालू आहे. फोटोशिवाय कसं…"

"करा तसंच, पाहुण्यांच्या हस्ते," मी म्हटलं.

आणि खाली आले. सानिका उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातली फ्रेम एका बाजूनं धरली. आम्ही दोघी मधल्या वाटेनं चालत बाहेर आलो. कुणी अडवलं नाही. कुणी बरोबर आलं नाही. एवढी माणसं होती. खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

राग बाहेर आल्यावर आला. आत असताना नव्हता. दुसऱ्या कुणाचा नाही, माझ्या गुडघ्यांचा राग आला, इतकी वर्षं सरळ होत राहिले त्यांचा.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज गोड. "मी तुमच्या मोठ्या बहिणीसारखी आहे. मनात ठेवू नका. फक्त ग्रुपवर दोन ओळी टाका, गैरसमज झाला म्हणून. लोक फार नाराज आहेत. शहिदांच्या कार्यक्रमात असं व्हायला नको होतं."

"नव्हतंच व्हायला हवं," मी म्हटलं.

"बघा ना."

"मेणबत्ती काढून घेतली ते म्हणतेय मी."

फोन ठेवला त्यांनी.

ग्रुपवर मला कळेल असं, पण माझं नाव न घेता बरंच लिहून आलं. परंपरेचा मान ठेवावा. भावनेच्या भरात काही लोक. एकानं लिहिलं, शहिदाचा अपमान झाला. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. कुणी केला अपमान? मी? दोन तरुण मुलींनी मला एकटीला वेगळा मेसेज पाठवला, 'ताई, पक्का बरोबर केलंत.' मी त्यांना म्हटलं, हेच ग्रुपवर लिहा. एकीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसरीनं तेही नाही. मी ग्रुपवर एकच ओळ लिहिली, माझ्या नवऱ्याचा फोटो आणि नाव मला विचारल्याशिवाय वापरायचं नाही. आणि बाहेर पडले.

आमच्या घरमालकीण बीजी. त्यांचे मालकही फौजेतच गेले, फार जुन्या लढाईत. दरवर्षी त्यांच्या नावानं गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. बीजी स्वतः उभं राहून डाळ वाढतात. कुणी त्यांचा हात धरत नाही. मी त्यांना हॉलमधलं सांगितलं, तर त्यांना मुळात कळेचना. "दीवा जगान तों रोकया? तैनूं?" दिवा लावायला अडवलं, तुला? मग म्हणाल्या, आमच्यातही काही कमी नाही पोरी, मलाही चादर घालून दिराच्या घरात बसवायला, म्हणजे त्याच्याशी लग्न लावायला निघाले होते. मी नाही बसले. एवढं बोलून त्या मटार सोलायला लागल्या.

हे सगळं झालं आणि गेल्या आठवड्यात गावाहून फोन आला. नंबर सासूबाईंचा, आवाज सरपंचांचा. ह्यांचा पुतळा करायचं गावानं केव्हाच ठरवलं होतं.

"वहिनी, पुतळा झाला बरं का आपला. लई झ्याक झालाय. शाळंच्या पटांगणात बसवलाय. पुढल्या महिन्यात अनावरण. आमदार येणार हैत."

मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच वाटलं चांगलं.

"तर तुमी आदल्या दिशी या. सकाळी पाच सवाष्णी पुतळ्याला ओवाळत्याल, मग आमदार पडदा काढत्याल. तवर तुमी घरीच थांबा. फोटोच्या टायमाला गाडी धाडतो."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला. त्यांना वाटलं फोन कटला. "हॅलो? वहिनी?"

"सरपंच, पंचायतीत ठराव झालाय ना? विधवांच्या प्रथा बंद केल्याचा? पेपरात तुमचा फोटो आला होता."

"झालाय की! फळ्यावर लिवलाय. पर ठराव येगळा, देवाधर्माचं येगळं."

"तो देव नाही. माझा नवरा आहे."

"आवो, गावाची रीत हाय वहिनी. आमी काय करावं?"

"मग गावानं पुतळा पण दुसऱ्या कुणाचा तरी बसवावा," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी त्याच नंबरवरून पुन्हा आला. ह्या वेळी सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या घराबाहेर फारशा पडत नाहीत. मी त्यांना आत्या म्हणते.

"लई बोललीस म्हनं."

"होय."

"सरपंच तोंड टाकून गेला. आता येनार का न्हाईस?"

"येणार आत्या. आणि पहिलं निरांजन मी ओवाळणार. दुसरं तुम्ही."

"मी?" त्या ओरडल्याच. "मी रांडमुंड बाई. मी कशी ओवाळू? लोक श्यान घालतील तोंडात."

"तुमच्या पोटचा होता."

हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मागं शेरडू ओरडत होतं. मग म्हणाल्या, "बघ बाई. तुझं तू बघ," आणि फोन ठेवला. त्या येतील असं मला वाटत नाही. त्या उंबऱ्याच्या आत बसतील आणि कानोसा घेतील.

तिकिटं काढली आहेत. सानिका येणार आहे. ती म्हणाली, "मम्मी, रोकेंगे तो?"

रोखतील. मला ठाऊक आहे. हात धरतील, गोड बोलतील, एखादी म्हातारी रडेल, आमदाराचा माणूस येऊन म्हणेल, ताई, वेळ जातोय. सगळं होईल. होऊ दे. पण ह्या वेळी आडोशाला नेऊन सांगता येणार नाही. अडवायचं तर पटांगणात, भरल्या गावासमोर अडवावं लागेल. तोंडानं बोलावं लागेल, की बाई, ह्याची तू कुणी नव्हेस. ज्याच्यात दम असेल त्यानं म्हणावं.

मी ऐकून घेईन. आणि ओवाळीन.